पाणी किती दिवसाआड

कृषी विद्यापीठाच्या मागच्या गेटातून निघालो
तेव्हा आमच्याकडं तीन नंबर होते,
विजेच्या खांबावरच्या चिठ्ठ्यांवरून उतरवलेले.
रूम भाड्याने देणे आहे. फक्त मुली.
चौथ्या चिठ्ठीचा नंबर कुणीतरी फाडून नेला होता.
म्हणजे तीच खोली चांगली असणार,
निखत म्हणाली.

पहिल्या घरी कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर
उंबऱ्याबाहेर उभ्या.
मग बाईंनी खोली दाखवली, कपाट दाखवलं,
खिडकीची नवी जाळी बोटानं वाजवून दाखवली
आणि म्हणाल्या, पूर्ण नावं सांगा गं एकेकीची.
सांगितली.
तेवढ्यात त्यांना आठवलं
पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे,
खोली पाव्हण्यांना लागंल.
जिना उतरताना करुणा बोटं मोजत राहिली.
अधिकमासात लग्न? म्हणाली,
पुतण्या डेरिंगबाज दिसतो.

दुसरीकडं नावाचं काहीच नाही.
अंडं खाता का, एवढंच.
आदल्याच दिवशी आमचं कोंबडीपालनाचं प्रॅक्टिकल झालेलं,
हजार पक्ष्यांना रोज किती खाद्य, तोंडपाठ.
हे तिथं सांगण्यात अर्थ नव्हता.

तिसरे पंपटवार काका. रिटायर्ड लाईनमन.
हातात टेस्टर घेऊनच जिना चढले.
गच्चीवर खोली, वर पत्रा,
पत्र्यावर विटा, वाऱ्यानं उडू नये म्हणून.
तीन हजार सहाशे. सबमीटर वेगळा.
हिटर दिसला की फ्यूज काढीन.
आम्ही पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो.
त्यांनी विचारलं,
पाणी नवव्या दिवशी येतं, कधी दहाव्या,
रात्री दोनला.
उठणार कोण?

मी, म्हणाली निखत.
आम्ही दोघी तिच्याकडं बघितलं.
हॉस्टेलवर तिला उठवायला बादली वाजवावी लागायची.

दाराच्या आतल्या बाजूला
आधीच्या मुलींनी पेन्सिलनं लिहून ठेवलेलं:
१४, मनीषा उठली.
२३, मनीषा उठली.
२, आलंच नाही, मनीषा उगीच उठली.
११, आज तरी दुसरं कुणी उठा गं.
त्यापुढं पेन्सिल पुसट झालेली.

भाडेकराराचा कागद काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला.
करुणा सटवाजी भालेराव.
माझं.
मग निखतचं, आणि तिथं पेन थांबलं.
आम्ही चपलांकडं बघितलं, कुठं काढल्यात ते.
पेन झटकून काका म्हणाले, शाई अडकली.
लिहिलं पूर्ण, वडिलांच्या नावासकट.
घडी घालताना मात्र हळूच म्हणाले,
खाली आमच्या घरी… जुनं वळण आहे.
विचारलंच तर नुसतं नाव सांगत जा.
नावातलंही थोडंच सांगा.

आम्हाला राग यायला हवा होता.
आला बहुतेक.
पण गाद्या खालीच रिक्षात होत्या
आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

एकोणीस तारखेला दोनच्या सुमारास
नळ आधी खोकला, मग शिट्टी वाजली.
मी जागी होते, उठले नाही.
निखत अंधारात खाली गेली, मोटार लावली,
पाईप ओढल्याचा आवाज आला फरशीवरून.
खालच्या खिडकीतून काकू म्हणाल्या,
कोण गं?
मी, काकू.
आलं का पाणी?
आलं.
बरं झालं बाई. आमच्या पोराला हाका मारून घसा बसतो.
ओट्यावरचा माठ तेवढा विसळून भर आमचा,
फडकं दुहेरी लाव, गाळ येतो पहिल्यांदा.

मोटार थांबली तेव्हा साडेतीन.
ओल्या पायांनी ती वर आली,
मोबाईलचा उजेड दारावर धरला
आणि मनीषाच्या खाली काहीतरी लिहायला लागली.
पेन्सिल दोनदा मोडली.
मग माझ्या आयब्रो पेन्सिलनं लिहिलं,
नवीन होती ती.