झायलीनमध्ये जे जातं

शरणपूर रोडच्या लॅबमध्ये सगळ्यात आधी मी येते.
रात्रभर मशीनमध्ये फिरलेले तुकडे बाहेर काढते.
फॉर्मॅलीन, मग अल्कोहोल, चढतं,
मग झायलीन, मग मेण.
बावीस वर्षं हाच क्रम.
झायलीन चरबी धुऊन नेतं,
ते त्याचं कामच आहे.

नंबर चारशे सतरा, उजवं मूत्रपिंड.
फॉर्मवर नाव: नरहर गणपत तांबट, एकसष्ट.
माझ्या लग्नातला बंब यांनी ठोकलेला.
अजून गळत नाही.

काचेवर गुलाबी जाळी उमटली,
बारीक भिंती, आणि भिंतींच्या आत
पांढरं. नुसतं पांढरं.
तस्नीम, नवी ट्रेनी, डोळा न उचलता म्हणाली,
"ताई, ह्या पेशी रिकाम्या आहेत."

रिकाम्या नव्हत्या गं.
मी केल्या, काल रात्री.

एक कोपरा मी आधीच गोठवून ठेवला होता,
उणे वीसला, झायलीन न दाखवता.
त्यावर लाल रंग सोडला, आणि तिला म्हटलं, आता बघ.
सटाण्याचं डाळिंब हातात फुटावं तसं.
थेंबाला थेंब लागून साठा केलेला,
टंचाईची कुणकुण लागलेल्या बाईनं
पलंगाखाली डबे सारून ठेवावेत तसा.
"हे काय खायला?"
खायला नाही. बांधायला.

गुरुवारी काका स्वतः आले रिपोर्ट न्यायला.
पिशवीतून आधी त्यांचाच कागद काढला,
लिपिड प्रोफाइल, घडीवर घडी पडलेला.
"तूप पाच वर्षं बंद आहे, ताई.
एकशे अठरा. हार्टवाल्यानं पाठ थोपटली."
आकडा खोटा नव्हता.
रक्तातला होता, इतकंच.
रस्त्यावर माल दिसत नाही
म्हणजे गोदामात नाही, असं थोडंच असतं?
हे मी बोलले नाही.

"त्याला कशाला लागतं पण ते?"
त्याला, म्हणाले. नाव घेतलं नाही.

एकाचे दोन व्हायचे तर भिंत दुप्पट लागते, काका.
"म्हणजे पत्रा."
हो, पत्रा. आणि पत्रा तडकता कामा नये.
निफाडकडून थंडी सुटली की खोबरेल बाटलीत थिजतं ना,
पेशीची कड तशी थिजू नये,
उन्हाळ्यात ओघळूही नये,
ते हा सांभाळतो. तुमच्यात, माझ्यात,
ह्या तस्नीममध्ये, सगळ्यांत.
काका बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
"मालात खोट नाही तर. गिऱ्हाईक हरामी."

आणि पसरतं कसं, हेही त्यांनीच विचारलं,
उत्तरही त्यांनीच दिलं:
"तांबं लाल तापवून पाण्यात विझवलं
की हातानं वाकतं. कुठल्याही फटीत घालावं, जातं.
कडक पत्रा अडतो."
मी मान हलवली, अर्धी.
मॅडमच्या टेबलावर दोन पेपर आहेत
याच गोष्टीवरून एकमेकांशी भांडणारे.
काकांनी एकही वाचलेला नाही
आणि फुप्फुसाचा स्कॅन सोमवारी आहे.

जिन्यात थांबून वळले.
"मग आता तूप खाऊ का?"
डॉक्टरांना विचारा, म्हटलं.
हसले. बावीस वर्षांत
रिपोर्ट हातात घेऊन हसलेला माणूस
मी दुसऱ्यांदा पाहिला.

संध्याकाळी डबा रिकामा करताना
वापरलेलं झायलीन कॅनमध्ये ओतलं.
नेहमीसारखंच दिसलं, पाण्यासारखं,
उगाच हात जरा हळू चालला.
रिपोर्टात सगळं लिहिलंय:
आकार, प्रत, कडेपासूनचं अंतर.
आत काय होतं त्याला रकाना नाही.
कॅनवर चिठ्ठी लावली, तारीख टाकली.
कचऱ्याची गाडी शनिवारी येते.