ब्याऐंशी

उभ्या गाडीत तापते, की चढावर?
उजागरे मिस्त्रींनी हे तीनदा विचारलं
आणि मी तीनदा सांगितलं, चढावर.
स्वारगेटच्या सिग्नलला काटा जागचा हलला नाही.
भिलारेवाडीच्या पुढे, जुन्या घाटात,
दुसऱ्या गिअरवर, एप्रिलच्या साडेअकराला
तो लाल रेघेला जाऊन टेकला.
"मग फॅन नाही," ते म्हणाले,
आणि एक बोट मिटलं.

दत्तवाडीत कॅनॉलच्या कडेला त्यांचं गॅरेज म्हणजे
चार पत्रे, आणि कुठल्याशा फियाटची मागची सीट.
तिच्यावर मी.
गाडी शहाण्णवची झेन. बाटलीहिरवी होती,
आता टपावर शेवाळ सुकल्यासारखी.
बाबा गेल्यापासून पाच महिने
सोसायटीच्या भिंतीला नाक लावून उभी.
भंगारवाला अठरा हजार म्हणतोय.
त्याला मी रविवार दिलाय.

रेडिएटरचं झाकण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही.
मिस्त्रींच्या मनगटावर त्याची गुलाबी नोंद आहे:
ॲम्बॅसिडर, खंबाटकी, घाई.
म्हणून थांबलो.
मधल्या वेळात डिपस्टिक पुसून दाखवली.
तेल काळं, पण दुधाळ नाही.
सायलेन्सरशी बसून हुंगून पाहिलं, गोडूस वास नाही.
"हेड शाबूत आहे." दुसरं बोट.
झाकणाखाली गंजाचा चहा निघाला.
"नळाचं पाणी ओतायचे?"
उकळून, गाळून ओतायचे.
आमच्याकडे पाहुण्यांनाही तसंच मिळायचं.

मग इंजिन चालू ठेवून म्हणाले, हात लावून बघा.
वरचा पाइप: चटका.
खालचा पाइप:
माठ.
मध्ये वीतभर अंतर.
"दार उघडत नाहीये," मिस्त्री म्हणाले.

थर्मोस्टॅट निघाला पेढ्याएवढा,
पितळी, कडेला ८२ कोरलेले.
टपरीवाल्या सगुणाबाईंनी चहाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला,
तेव्हा अंडी उकडायच्या डब्यात तो दोऱ्याने सोडला.
पाणी कुरकुरलं, बुडबुडलं, खळखळलं.
ब्याऐंशीला तोंड उघडायला हवं होतं.
मी, मिस्त्री, आणि हातातला पाना विसरलेला त्यांचा पुतण्या एलिया,
तिघं डब्यावर वाकलेले.
नाही उघडलं.

"हे आजचं नाही. वर्षानुवर्षं अर्धवट अडकलेलं असणार.
एवढी वर्षं घाट चढवला कसा?"

मे महिन्यात, चारी काचा खाली,
बाबा घाटात हीटर लावायचे.
मागे आम्ही दोघी, मांड्या रेक्झिनला चिकटलेल्या,
पायांवर भट्टीची फुंकर.
आई ओला रुमाल मागे द्यायची,
म्हणायची, ह्यांचं काहीतरी एकेक.
"पाचच मिनिटं," बाबा म्हणायचे.
बोगदा आला की बंद.
कारण कधी सांगितलं नाही,
आणि आम्हीही भांडण सोडून काही विचारलं नाही.

"बरोबर करत होते," मिस्त्री म्हणाले,
"इंजिनाची आग आपल्या अंगावर घ्यायची. तात्पुरता इलाज."

कप्प्यात त्यांची वही आहे.
पेट्रोल, हवा, दोन दशांशांपर्यंत ॲव्हरेज.
काही तारखांपुढे, बारीक अक्षरात, नुसतं "ही".
१२ मे, सातारा, ही.
मला वाटायचं, म्हणजे आई बरोबर होती.
बायकोचं नाव कागदावरही घेत नाहीत, म्हणून हसायचे.
आज पानं पुढे उलटली.
आई दोन हजार अकराला गेली.
२०१४, सातारा, ही.
२०१७, भोर, ही.

एलिया नाना पेठेतून नवा घेऊन आला, तीनशे चाळीस रुपये,
वर रिक्षाचे वेगळे.
मिस्त्रींनी जुना माझ्या तळहातावर ठेवला. अजून कोमट.
भंगारवाल्याचा फोन वाजत होता, वाजू दिला.
सगुणाबाई डबा मागायला आल्या.
तळाशी गंजाचं गोल कडं उमटलेलं.
राख घेऊन
मीच घासायला बसले.