शेरा: रुजू

आजोबा मोती महालात हिशेब तपासायचे.
एकतीस वर्षं. आकडा आकड्याला मिळाला
की समासात एकच शब्द, मोडीत, झोकदार: रुजू.
मग संस्थान गेलं, मग राजधानीही,
दप्तरं ट्रकांत चढून भोपाळला गेली
आणि दौलतगंजात आजोबांकडे उरला
तो शब्द, अन् कानामागचा टाक.

माझ्या बारशाला आत्यानं 'शैलजा' ठरवून आणलं होतं.
ताटात तांदूळ पसरले,
आजोबांनी तिच्या आधीच बोट फिरवलं.
बायका ओणवल्या. कुणालाच वाचता येईना.
"हे काय, गांडूळ?" आत्या म्हणाली.
ते म्हणाले, "मिळाला हिशेब. रुजू."
तिनं रागारागानंच माझ्या कानात कुर्र केलं.

हे नाव आहे की नाही,
यावर लष्करात कधी एकमत झालं नाही.
शाळेत मिश्राजींनी खोडून राजू केलं,
मग वेण्या बघून रज्जो.
संस्कृतच्या बाई म्हणाल्या, ऋजु, म्हणजे सरळ,
आणि माझ्या तिरक्या भांगाकडे बघत राहिल्या.
आई म्हणायची, रुजतं ते;
पण फक्त कुंडीत मेथी पेरताना,
एरवी तीही मला बबीच म्हणे.
जिल्दसाज कासिमचाचा बोटाची खळ पुसत सांगायचे,
"बेटा, अरबी का है. रुजू, यानी लौट आना."
कुठून लौटना, ते त्यांनी सांगितलं नाही.

लग्नात पुन्हा तांदूळ, या वेळी अंगठीनं,
सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात: प्रणिता.
रेशन कार्डावर सहा वर्षं तिच्या वाट्याची साखर आली.
नर्सची नोकरी लागली, दाखल्यांतून जुनं नाव निघालं.
वडिलांना कार्ड टाकलं: रुजू रुजू झाली.
ते कार्ड त्यांनी दाल बाजारभर दाखवलं,
तिथे मराठी वाचणारे दोघंच.

लसीकरणाच्या वह्या भरल्या चौतीस वर्षं.
नावं गव्हासारखी येतात, एका हंगामात एकच वाण.
एका साली गल्लोगल्ली पूजा,
मग नेहा, मग कुठल्याशा मालिकेतली सून,
परवा तर एका दुपारी सात आराध्या,
एकीला टोचलं की सातही रडायच्या.
खोटं कशाला बोलू, दर मार्चअखेर
वही मिटण्याआधी 'र' चाळून बघायची.
राधा, रानी, रोशनी, रिया.
रजनी कमी होत गेली. पण होती.

निवृत्तीला एकवीस दिवस. जानेवारी.
धुकं असं की शहराला किल्लाच नाही.
मुरारहून टेंपोनं आलेली गुड्डी कुशवाह,
शालीच्या आत दीड महिन्याचं काहीतरी कोंबट.
"बच्ची का नाम?"
"रुजू."
मला वाटलं, मलाच हाक मारतेय.
"बड़े लल्ला की बेर आप ही हतीं.
बिल्ला पे लिखो हतो. नीको लगो."
मग जरा घाबरून,
"मतलब का है, बाई जी?"

चार मतलब होते माझ्याकडे.
एकही त्या पोरीच्या मापाचा वाटेना.
"दूध पीती है ठीक से?"
"खूब."
"बस, यही."

मांडीत सुई गेली. पोर असं किंचाळलं
की बाकावरच्या साऱ्या बायका हसल्या.
शेऱ्याच्या रकान्यात आम्ही काही लिहीत नाही.
मी लिहिलं. मोडीतलं मला तेवढंच येतं.
माझ्या जागी येणारी मुलगी बघेल,
आणि समजेल, कुणीतरी इथे
पेन चालतंय का ते तपासलं.