दखल

लाँगटनमध्ये, बाटलीच्या आकाराच्या जुन्या भट्टीशेजारी
दुसऱ्या मजल्यावर संचालक मंडळाची खोली.
मी कंपनी सेक्रेटरी. मला मत नाही,
फक्त पेन आहे.

विषय क्रमांक चार: ग्लेझ विभाग बंद करणे.
कॉफी, बिस्किटं. पडद्यावर एक आलेख
घसरगुंडीवरून उतरलेला.
पॉवेलसाहेब म्हणाले, ते कलम एकशे बहात्तर
लिहून टाका, नेहमीसारखं.
मी लिहिलं:
कर्मचाऱ्यांचे हित, गावावरील परिणाम, पर्यावरण
यांची मंडळाने यथोचित दखल घेतली.

दखल.
काय सोयीचा शब्द आहे. नुसती घ्यायची,
बदल्यात काही द्यावं लागत नाही.

आमच्याच कंपनीची दुसरी फॅक्टरी आहे ऱ्हाईनकाठी.
तशीच माती, त्याच फरशा, तोच तोटा.
तिथे भट्टीवरचा एक माणूस
कायद्याने ठेवलेल्या खुर्चीत बसतो,
घसा खाकरतो
आणि हात वर करतो. तो हात मोजावा लागतो.
तिथे म्हणे चार वर्षं तोटा सोसला,
तास कापले, माणसं नाही.
समुद्र ओलांडला की तीच कंपनी
निराळी वागते.
काळीज तेच असतं तिचं, असलंच तर;
टेबलाचं माप तेवढं बदलतं.

(उगाच भारावून जाऊ नये. माझे वडील
इचलकरंजीच्या सूतगिरणीत इतिवृत्त लिहायचे.
एक सभासद, एक मत. तिथे तर सगळेच मालक.
आणि वडिलांचा कागद सभेच्या आदल्या रात्रीच
तयार असायचा: सर्वानुमते मंजूर.
चेअरमनची जीप वळली की हात आपोआप वर.)

विषय पाच: सामाजिक उत्तरदायित्व अहवाल.
पुनर्वापराचा कागद, हिरवी शाई.
कालव्याकाठी एक बाक. शाळेला तीस रोपं.
मुखपृष्ठावर मॉरीन टनिक्लिफ हसते आहे,
हातात फरशी.
एकतीस वर्षं कडा घासून घासून
तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्या.
दारावरचं हजेरीचं यंत्र तिला ओळखत नाही.
रोज सकाळी ती अंगठा ठेवते,
यंत्र लाल होतं,
आणि रखवालदार क्लाइव्ह किल्लीने दार उघडतो.

तिला आज तीन मिनिटं दिली होती.
कागद आणला नव्हता तिने. भरपाईचं काढलंच नाही.
एवढंच विचारलं: भट्टी थंड झाल्यावर
मागच्या भिंतीला टेकून झोपणाऱ्या मांजरीचं काय,
पोटुशी आहे ती.
कुणीतरी हसलं.
पॉवेलसाहेब हसले नाहीत, घड्याळही पाहिलं नाही,
हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.
माणूस वाईट नाही. त्यांच्या मानेवर
लंडनचे फंड बसलेत,
आणि फंडांच्या मानेवर दर तीन महिन्यांचा आकडा,
आणि त्याच्या मानेवर कदाचित
मॉरीनचंच पेन्शन.

इतर विषय, मी लिहिलं.
मांजर, लिहिलं. खोडलं.
काही नाहीत, असं लिहिलं.

सभा चार वाजून दहा मिनिटांनी संपली.
खोडताना शाई लागली होती हाताला;
पान उलटलं तर कोपऱ्यात
माझ्या अंगठ्याचा ठसा,
सगळ्या रेषा शाबूत.