दिसते ते लिहावे

पावणेपाचची शिट्टी.
त्र्यंबक रोडवर अजून एकही रिक्षा नाही
आणि माझा उजवा हात निघतो उजव्याच पायाबरोबर.
"एकशे चौदा!
हात आणि पाय सख्खे भाऊ आहेत का तुझे?
वाटणी कर त्यांची!"
उस्ताद गांगुर्डेंच्या तोंडून आधी वाफ येते, मग शब्द.
अख्खा स्क्वॉड हसतो पोटातल्या पोटात,
सावधानमध्ये ओठ हलवायची परवानगी नाही.

बुटांनी टाचा खाल्ल्या पहिल्याच आठवड्यात.
रेवती कुंभरे म्हणाली, आतून साबण घास, दोन मोजे घाल,
आणि रडायचं असेल तर नळ मोठा सोड.
इथल्या पाण्याला जोर बरा आहे.

दुपारी मोगल मॅडमचा तास.
टेबलावर कापडी प्रेत, पोटात कापूस,
त्याला सगळे सुपडू म्हणायचे.
प्रत्येक बॅचसाठी नव्यानं मरायचा बिचारा.
मी लिहिलं: माणूस झोपल्यासारखा वाटतो.
लाल रेघ.
"वाटतो खोड.
उद्या वकील विचारेल, आणखी काय काय वाटतं तुम्हाला, बाई?
दिसतं ते लिही.
आणि माणूस नाही. इसम."

घोकत बसले. सदर. नमूद. मयत. इसम.
उत्तरेस रस्ता, दक्षिणेस नाला,
पूर्वेस पडीक जागा.
मरणालाही चतुःसीमा लागते,
सातबाऱ्यावरच्या तुकड्यासारखी.

जानेवारीत ठाण्याचं काम बघायला नेलं,
त्याच सकाळी टाकळीच्या खाली
पाणवेलींत कुणीतरी अडकलेलं.
हवालदार खैरनारांनी पॅन्ट दुमडली,
पॅड माझ्या हातात दिलं.
"बाईमाणूस आहे. लिहा, मॅडम."
त्यांची नोकरी सव्वीस वर्षं,
माझे सात महिने,
आणि मॅडम मी.

पंच म्हणून द्राक्षांचा टेम्पो थांबवला.
ड्रायव्हर सारखा घड्याळ बघायचा, माल तापेल म्हणायचा,
इतक्या थंडीत.
दुसरा पंच चहावाला.
किटली कुठं ठेवावी त्याला कळेना,
शेवटपर्यंत हातातच धरून उभा राहिला.

लिहिलं.
अनोळखी स्त्री, वय अंदाजे साठ.
नेसूस हिरवट नऊवारी. डाव्या मनगटावर गोंदण, अक्षरे अस्पष्ट.
कमरेच्या पिशवीत एक किल्ली, सिटी बसचे भिजलेले तिकीट.
केसांना तेल. घट्ट वेणी.
भांग सरळ.

इथं पेन थांबलं.
कुणाकडं तरी जायचं होतं तिला,
कुणीतरी दार उघडून म्हणणार होतं, ये की गं.
खैरनार बघत होते.
"झालं?"
झालं, म्हटलं. खाली सह्या घेतल्या.
चहावाल्यानं अंगठा दिला,
शाई पुसायला रुमाल मागितला,
आणि रुमालाची घडी परत करताना
हळूच विचारलं, किल्ली कुठल्या कुलपाची असंल हो?
हे पंचनाम्यात नाही.

रात्री आईचा फोन.
जेवलीस?
वरण एक वाटी, भात, दीड पोळी, अर्धी शिल्लक.
असं काय बोलतेस गं, तहसिलातल्या कारकुनासारखी?
बरी आहेस ना?
खिडकीच्या काचेत बघितलं.
कपाळावर टोपीचा वळ, डोळे तांबूस, इतर जखमा नाहीत.
बरी दिसते, म्हणाले.
ती बराच वेळ गप्प.
मागे कुकरची शिट्टी झाली, एक, दोन.
मग म्हणाली,
केसांना तेल लावतेस का गं वेळच्या वेळी?

मी नळ मोठा सोडला.

पावणेपाचची शिट्टी.
धुक्यात समोरची भिंत नाही, झेंड्याचा खांब अर्धाच.
तेज चल म्हटल्यावर
डाव्या पायाबरोबर उजवा हात गेला,
आपोआप, जणू कधी चुकलाच नव्हता.
उस्ताद शेजारून चालत आले,
वाकून माझ्या बुटांकडे बघितलं
आणि काहीच न बोलता पुढं गेले,
एकशे पंधराकडे.