निगेटिव्ह आधी

दहाचा पाना कधीच जागेवर नसतो.
सुट्या भागांच्या काउंटरमागे एकवीस वर्षं काढल्यावर
जगाबद्दल मला एवढंच खात्रीनं सांगता येतं.

ब्रॉडी हुहताला दुकानामागे
जुन्या सिव्हिकचं बॉनेट उघडून उभा.
मूळचा काळा डबा बर्फात पालथा,
त्याच्या जागी चकचकीत नळी, टोकाला लाल फिल्टर.
मीच विकलेली. एकशे चाळीस डॉलर, परत घेतली जात नाही.
"वर्ना, दिवा लागलाय. पिवळा."

लागणारच.
गाडीच्या मेंदूला कुणी सांगितलंच नाही
की छाती रुंद झाली आहे.
तो आपला जुन्याच मापानं पेट्रोल वाढतोय,
घरात माणसं वाढली तरी
तेवढेच बटाटे उकडत ठेवावेत तसा.

निगेटिव्ह आधी, मी म्हटलं. नेहमी निगेटिव्ह आधी.
तार सोड, बाजूला वळव, चिंधी गुंडाळ.
आता ब्रेक दाबून धर,
उरलीसुरली वीजही जाऊ दे.
आता अर्धा तास काहीही करायचं नाही.

हे शेवटचं कुणाला जमत नाही.

गाडीतच बसलो. हीटर नाही, काचा धुरकटल्या.
कालव्यावरून वारा येत होता, उचलत्या पुलाखालून,
हँकॉकमध्ये नोव्हेंबरात येतो तसा, विचारल्याशिवाय.
माझी अर्धी पेस्टी त्याला दिली.
आतला सलगम त्यानं वेचून कागदावर ठेवला.
गाडी भावाची, म्हणाला.
सहाशेला देऊन डेरिक नेव्हाडात गेला, सोन्याच्या खाणीत.
मार्चपासून बोलणं नाही.
बापाचा स्नोब्लोअर कुणी विकायचा, यावरून.
"विकला कुणी?"
"कुणीच नाही. पडलाय तिथंच."

तार जोडली. किल्ली फिरवली.
घड्याळात एक वाजला, जो वाजलेला नव्हता.
सवयीनं त्याचा हात रेडिओकडे गेला
आणि पडद्यावर चार अक्षरं: CODE.
चोराच्या हाती पडलो असं समजून
रेडिओ मुका होऊन बसतो, या गाड्यांची खोडच आहे.
ग्लोव्हबॉक्समधला स्टिकर कधीचा खरवडलेला.
"कोड कुणाला ठाऊक आहे?"
तो काचेवर बोटानं रेघा मारत राहिला.

रेडिओ राहू दे, मी म्हटलं, आत्ता काहीच लावायचं नाही,
दिवे नाहीत, पंखा नाही. नुसती चालू ठेव.
ती शिकतेय.
इंजिन वर चढायचं, दचकायचं, खाली यायचं,
जवळजवळ बंद पडायचं,
पुन्हा चढायचं,
अंधारात अनोळखी जिना उतरताना
पाय पुढची पायरी चाचपतो ना.

मी बाहेर उभी राहिले. काच अर्धी उघडी होती.
त्यानं फोन लावला. तीनदा वाजला.
"मी आहे," म्हणाला. मग बराच वेळ दोघंही नाहीत.
मग पलीकडून, मला ऐकू येईल एवढ्यानं:
"कसला आवाज आहे तो? माझ्या गाडीला काय केलंस?"
"इनटेक बसवला."
"कुठला?"
यानं सांगितलं.
"हं," डेरिक म्हणाला. "फोन खाली धर जरा. इंजिनाजवळ."

ब्रॉडी उतरला आणि हात लांब करून
दोन हजार मैलांवरच्या कानाला
बॉनेटखालचं ऐकवत उभा राहिला,
बोटं लाल होईपर्यंत.
रेडिएटरचा पंखा लागला. थांबला.
काटा हजारावर होता, नऊशेवर आला,
तिथं थोडा घुटमळला.
पंखा दुसऱ्यांदा लागला तेव्हा
साडेसातशेवर उभा होता, हलत नव्हता.

डेरिकनं आकडे सांगितले, पाच, तोंडपाठ.
यानं फिल्टरच्या खोक्याच्या झाकणावर लिहून घेतले.
पन्नास मैल सबुरीनं चालव, मी ओरडले,
पण तो फोनवर होता.

संध्याकाळी बघते तर पाना घेऊन गेलाय
आणि खोकं विसरलाय.
झाकण फाडून काउंटरखाली ठेवलंय.
मागायला येईल,
नाहीतर त्यालाच परत विचारील.
दोन्ही चालेल.