नावाडीपट्टी

कसबे डिग्रजच्या शिवारात सकाळी नऊला ऑगर रोवला.
पहिली वीत काळी, चिकट.
दुसरी तीच, पण ओली.
तिसऱ्या वितीला गेरूचे ठिपके
आणि दांडीवर चढलेला जुन्या शेवाळाचा वास.
वासाला रकाना नाही.
सामू लिहिला, क्षारता लिहिली,
अक्षांश, रेखांश, अचूकता तीन मीटर.

चारी बाजूंनी ऊस,
इथे मात्र जमिनीला पांढरं फूल आलेलं,
चपलेखाली पापडासारखं मोडणारं.

निचऱ्याचे पाइप पुरायला आलेला सिकंदर मुलाणी
जेसीबीतून उतरला, माझ्या टॅबवर वाकला.
काल कार्यालयात बसून मी ओढलेली हद्द
त्यानं डोळे बारीक करून पाहिली.
"मॅडम, ही रेघ बांधाबांधानं गेलीया.
माती कुठं बांध मानती?"
मग बोटानं हवेत एक वाक काढला,
विळ्यासारखा, बिरनाळ्यांच्या विहिरीपासून
पार ओढ्याच्या मोरीपर्यंत.
"हितनं तिथवर बकेटचा आवाज बदलतो.
बाहेर करकर, ह्यात नुसतं चपक चपक.
नावाडीपट्टी म्हणत्यात ह्याला."

नावाडी? नदी तर इथून दीड किलोमीटर.
"ते काय ठावं न्हाई. म्हणत्यात."

रात्री मिरजेच्या खोलीत
ड्रोनने आणलेल्या उंचीवर रंग चढवले.
मीटराच्या फरकाने काहीच दिसेना,
सगळं शिवार एकाच पोपटी रंगाचं.
पाव मीटरावर आणलं
तेव्हा निळा होत होत उमटला तोच विळा,
विहिरीपासून मोरीपर्यंत.
कृष्णेनं कधीतरी टाकून दिलेलं वळण.
कुणाच्या सातबाऱ्यावर नाही,
माझ्या मागच्या तीन अहवालांत तर नाहीच.

हद्द पुसली.
एकेक बिंदू सरकवत
रेघ त्याच्या बोटामागून नेली.
बहुभुज ४१७.
वर्ग: चोपण. निचरा: अतिमंद.
स्थानिक नाव: नावाडीपट्टी.
साठवलं. बंद केलं. खात्रीसाठी पुन्हा उघडलं.
स्थानिक नाव: ???????????

मोजली. अकरा.
न, त्याचा काना, व, त्याचा काना,
ड, वेलांटी, प,
ट, त्याचा मोडलेला पाय, दुसरा ट, वेलांटी.
कुणीही गैरहजर नव्हतं.

दुरुस्ती करता येईल, एन्कोडिंग बदलायचं फक्त.
त्याआधी वहीत, पेनाने, आजच्या तारखेखाली
ते नाव एकदा लिहून ठेवलं.
आणि उद्यासाठी एक ओळ:
सिकंदरला विचारणे,
मोरीच्या पलीकडे आवाज कसा येतो.